ड्रायव्हिंग रेंजचे शुल्क आणि नियम : पैसे नेमके कशाचे मोजायचे?

मुळाकाठची

माझी बारा वर्षांची मुलगी गेल्या हिवाळ्यापासून पुण्यातल्या एका ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे एका जागी उभे राहून लांब फटक्यांचा सराव करण्याच्या मैदानावर, गोल्फ शिकते आहे. रेंजचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण तक्रार नोंदवणे हा या धाग्याचा हेतू नसून अशा ठिकाणचे दरपत्रक आणि नियमावली कशी वाचावी, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

तिथे चेंडू बकेटच्या (ठरावीक चेंडूंच्या बादलीच्या) हिशेबाने मिळतात आणि शनिवार-रविवारी लहान बकेट दिली जात नाही. उरलेल्या चेंडूंचे पैसे परत मिळत नाहीत आणि ते पुढच्या वेळेसाठी जमाही होत नाहीत. पटिंग ग्रीनचे, म्हणजे चेंडू हलकेच होलमध्ये (भोकात) ढकलण्याचा सराव करण्याच्या बारीक कापलेल्या गवताचे, शुल्क वेगळे आहे. बाहेरचा प्रशिक्षक आणण्यास मनाई आहे, तेही मी समजू शकते. पण मागच्या महिन्यात मी मुलीच्या मागे उभी राहून ‘डोके खाली ठेव’ एवढेच म्हणाले, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्याने अत्यंत नम्रपणे ‘मॅडम, इथे शिकवायला परवानगी नाही’ असे सांगितले. शिवाय सोबत आलेल्या, न खेळणाऱ्या पालकालाही प्रवेशशुल्क भरावे लागते.

शहराच्या दुसऱ्या टोकाच्या रेंजवर तासाचे पैसे घेतात आणि त्या तासात हवे तितके चेंडू मारता येतात. शिकाऊ मुलीसाठी यांपैकी कोणती पद्धत बरी आणि वरीलपैकी कोणते नियम सर्वत्र असतात, असे दोन प्रश्न आहेत.

तिरपागडा

‘डोके खाली ठेव’ हा सल्ला गोल्फमध्ये इतक्या मोठ्या प्रमाणावर आणि इतक्या निष्फळपणे दिला जातो, की त्यावर शुल्क आकारायचे ठरवले तर रेंजला चेंडू विकण्याची गरजच उरणार नाही.

पाचवा_आयर्न

मुळाकाठचीताई, पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे. शिकाऊ व्यक्तीने चेंडूंच्या हिशेबाने पैसे द्यावेत, तासाच्या नव्हे.

तासाचे पैसे भरलेला माणूस घड्याळाकडे पाहत चेंडू मारतो. एक चेंडू हवेत असतानाच तो दुसरा ओढून घेतो. पकड पुन्हा घेत नाही, पाय पुन्हा जुळवत नाही, लक्ष्य बदलत नाही आणि तासाअखेरीस जी चूक घेऊन आला होता तीच अधिक पक्की करून परततो. मोजून घेतलेल्या पन्नास चेंडूंत मात्र प्रत्येक फटक्याआधी मागे येऊन दिशा पाहण्याची सवय लागते आणि प्रत्यक्ष मैदानावर तीच सवय उपयोगी पडते.

तासाच्या पद्धतीत आणखी एक बाब आहे, जी दरपत्रकात क्वचितच लिहिलेली असते. जिथे चेंडू गोळा करायला जाळीने झाकलेली गाडी नसते, तिथे मुले पायी जाऊन चेंडू वेचतात आणि तोपर्यंत सर्वांनी फटके थांबवायचे असतात, ते थांबवलेच पाहिजेत. हा वेळ तुमच्या तासातून वजा होतो की तुम्हाला वाढवून मिळतो, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावे. बकेटच्या पद्धतीत हा प्रश्न उद्भवतच नाही.

तिसरी बाब चेंडूंची. नियमानुसार गोल्फच्या चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. रेंजवरचे चेंडू या मापांत बसले, तरी ते टिकाऊपणासाठी कठीण बनवलेले असतात आणि वर्षानुवर्षांच्या वापराने त्यांच्या खळग्या झिजलेल्या असतात. त्यामुळे ते कमी अंतर जातात आणि प्रत्येक चेंडू वेगळा वागतो. ‘अमर्याद चेंडू’ देणाऱ्या ठिकाणी चेंडू बदलण्याचा खर्च कुठेतरी वाचवावाच लागतो. मुलीच्या सातव्या आयर्नचे (लोखंडी डोक्याच्या सात क्रमांकाच्या काठीचे) अंतर त्या चेंडूंवरून ठरवू नका, एवढे मात्र आवर्जून सांगतो.

हिरवळ

मी मैदानांच्या देखभालीचे काम करतो, त्यामुळे काउंटरच्या पलीकडची बाजू मांडतो.

पटिंग ग्रीनचे वेगळे शुल्क पाहून लोकांना राग येतो, कारण तिथे ना चेंडू पुरवावे लागतात ना मॅट (फटका मारण्याची कृत्रिम गवताची चटई). परंतु संपूर्ण सराव-संकुलात प्रति चौरस फूट सर्वाधिक खर्च त्या हिरव्या तुकड्यावरच होतो. ग्रीनचे गवत तीन-चार मिलिमीटर उंचीवर राखायचे तर वेगळे यंत्र लागते, जवळजवळ रोज कापणी लागते, वाळूचा थर द्यावा लागतो आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाण्याचा एक दिवसही चुकवून चालत नाही. त्यावर कोणी वेजने (चेंडू उंच उडवणाऱ्या काठीने) उंच चेंडू टाकायला लागला, की प्रत्येक चेंडूगणिक एक खळगा पडतो. ‘पटिंग ग्रीनवर चिपिंग (जवळून चेंडू उचलून टाकणे) करू नये’ ही पाटी त्यासाठी असते. ज्यांच्याकडे चिपिंगसाठी निराळे ग्रीन आहे, त्यांनी तिथे वाटेल तितका सराव करू द्यावा.

गवतावरून मारण्याचे दर मॅटपेक्षा जास्त असतात त्याचेही कारण हेच. आयर्नने नीट मारलेला फटका गवताचा पापुद्रा उचलतो, त्याला आम्ही डिव्हट म्हणतो. लोक चेंडू इकडेतिकडे ठेवून मारतात, तेव्हा जमिनीवर विखुरलेली भगदाडे पडतात. त्याऐवजी प्रत्येक चेंडू आधीच्या डिव्हटच्या लगेच मागे ठेवावा, म्हणजे एक अरुंद पट्टी तयार होते आणि दोन्ही बाजूंच्या शाबूत गवतातून ती लवकर भरून निघते. कुठून मारायचे ते दाखवणारी दोरी रोज पुढेमागे सरकवली जाते तीही यासाठीच. दोरी ओलांडून ‘चांगले’ गवत शोधणाऱ्यांना मी अनेकदा हात जोडले आहेत.

पाचवा_आयर्न यांच्याशी एका बाबतीत मी असहमत आहे. अगदी नवख्या मुलाला पहिले काही महिने चेंडूंची संख्या लागते. प्रत्येक चेंडूला किंमत आहे हे डोक्यात बसले, की मूल चुकायला घाबरते. तासाची पद्धत त्या टप्प्यावर वाईट नाही.

पाचवा_आयर्न

हिरवळ, मूल घाबरते ते मागे उभ्या असलेल्या पालकाच्या चेहऱ्याला, चेंडूच्या किमतीला नव्हे. तरीही सुरुवातीच्या काळापुरता तुमचा मुद्दा मान्य करतो. त्या टप्प्यावर प्रशिक्षक शेजारी असतोच आणि वेग तोच आवरतो.

नाशिकचा_नाना

आमच्या नाशिकला शहराच्या मध्यभागी ‘गोल्फ क्लब मैदान’ आहे. तिथे पहाटे फिरायला येणारे असतात, दिवसभर क्रिकेट चालते, अधूनमधून जाहीर सभा होतात. गोल्फ सोडून सर्व काही होत असल्यामुळे बकेटच्या दराचा वाद आमच्या पिढीला कधी घालावा लागला नाही.

योकोहामाकर

जपानमध्ये बरीच वर्षे राहतो आहे. इथे जमीन महाग असल्याने दोन-तीन मजली रेंज आणि सभोवती उंच जाळ्या हे दृश्य उपनगरांत सर्रास दिसते. इथली शुल्कपद्धत या धाग्यासाठी उपयुक्त ठरेल, कारण ती फार बारकाईने फोडून सांगितलेली असते.

बऱ्याच ठिकाणी प्रवेशाचे अथवा जागेचे पैसे वेगळे, चेंडूंचे वेगळे आणि संध्याकाळनंतर दिव्यांचे वेगळे असतात. तळमजल्यावरून मारलेल्या चेंडूचा दर वरच्या मजल्यापेक्षा अनेकदा जास्त असतो, कारण जमिनीच्या पातळीवरून चेंडूचे उड्डाण खरे दिसते. सुट्टीच्या दिवसाचा दर कामाच्या दिवसापेक्षा चढा असतो. त्याखेरीज ठरावीक वेळात हवे तितके चेंडू मारण्याची योजनाही असते, ती बहुधा गर्दी नसलेल्या वेळेत. म्हणजे मुळाकाठची यांना जो पर्याय दोन वेगवेगळ्या ठिकाणी दिसतो, तो इथे एकाच ठिकाणी घड्याळ पाहून निवडता येतो.

शिकवण्यावरची बंदी ही तर इथली नेहमीची पाटी आहे. रेंजशी संलग्न नसलेल्या व्यक्तीने धडे देऊ नयेत, असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. त्यामागे दोन कारणे सांगतात : एक, रेंजच्या प्रशिक्षकांचे उत्पन्न, दुसरे, मारण्याच्या जागेत दोन माणसे उभी राहिली तर शेजारच्याच्या काठीच्या कक्षेत कोणीतरी येण्याची भीती. पण वडील मुलाला हळू आवाजात काही सांगत असतील, तर त्याला कोणी हरकत घेतलेली मी पाहिलेली नाही. तुमच्या रेंजवरील कर्मचाऱ्याने पहिल्या कारणाचा नियम दुसऱ्या कारणाच्या आवेशात लावला, असे मला वाटते.

वाऱ्याच्या दिवशी रेंज बंद ठेवतात म्हणून कुरकुरणाऱ्यांसाठी एक माहिती देतो. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये फाक्साई वादळात चिबा प्रांतातल्या इचिहारा शहरातील एका रेंजचे जाळीसकट लोखंडी खांब शेजारच्या घरांवर कोसळले. उंच जाळी वारा धरते, म्हणून वादळाआधी ती खाली उतरवावी लागते. जाळीच नसेल तर सराव कसा चालू ठेवणार?

निवृत्त_सुभेदार

लष्करी छावण्यांमधील मैदानांवर दर व्यक्तीच्या वर्गानुसार असतात : सेवेतील, निवृत्त, त्यांचे कुटुंबीय आणि नागरी पाहुणे. त्यामुळे दरावर वाद कमी आणि ओळखपत्रावर वाद जास्त, असा आमचा अनुभव आहे.

नियमांबद्दल मात्र मी कडक मताचा आहे. मारण्याच्या रेषेपुढे कोणीही, कोणत्याही कारणासाठी जाऊ नये. काठी हातातून निसटून दहा पावलांवर पडली तरी नाही. आधी सर्वांना थांबवावे, मगच आणावी. दोन जागांमधील दुभाजकाच्या मागे उभे राहावे. लहान मुलाच्या मागे मोठा माणूस असावाच, मात्र काठीच्या टप्प्याबाहेर. चेंडू भलत्या दिशेने गेला तर ‘फोर!’ (गोल्फमधला ‘सावध!’चा इशारा) असे ओरडण्यात लाज वाटून घेऊ नये. या नियमांबाबत सवलत मागणारा माणूस मला रेंजवर नको.

आता माझा प्रश्न असा, की लहान मुलासोबत मोठे माणूस असावे हा नियम रेंज स्वतःच करते, तर त्या मोठ्या माणसाकडून प्रवेशशुल्क कोणत्या तोंडाने घेते?

मुळाकाठची

सुभेदारसाहेब, अगदी हेच मला म्हणायचे होते, फक्त मला ते इतके नेमके मांडता आले नव्हते.

सनदी_हिशेबनीस

पालकाच्या प्रवेशशुल्काबाबत : ते घेण्यास कायद्याने मनाई नाही, पण त्याची पावती वेगळी मागावी आणि त्यात कर किती आहे ते पाहावे.

या निमित्ताने थोडे करांविषयी. क्लबचे सभासद नेहमी विचारतात, की आमच्याच क्लबात आम्हीच कर का भरायचा? सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कलकत्ता क्लबच्या प्रकरणात पारस्परिकतेचे तत्त्व मान्य केले होते. क्लब आणि त्याचे सभासद कायद्याच्या दृष्टीने भिन्न नाहीत, त्यामुळे स्वतःच स्वतःला पुरवलेल्या सेवेवर कर लागू होत नाही, असा त्याचा आशय होता. तो निर्णय जुन्या विक्रीकर आणि सेवाकराच्या संदर्भातला होता. पुढे २०२१ च्या वित्त कायद्याने केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ७ मध्ये दुरुस्ती केली आणि क्लब व सभासद या दोन वेगळ्या व्यक्ती मानाव्यात, असे १ जुलै २०१७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने ठरवले. त्या दुरुस्तीवरही न्यायालयांत वाद चालू आहेत.

मुळाकाठची यांना यातले काहीच लागू होत नाही, कारण त्या सभासद नाहीत. काउंटरवर पैसे भरणाऱ्या बाहेरच्या ग्राहकावर कर होताच आणि आहेच. त्यांनी एवढेच पाहावे, की फलकावरील दर करासहित आहे की करावेगळा. लहान बकेटच्या दरात हा फरक किरकोळ वाटतो, तिमाही योजनेत तो चांगलाच जाणवतो.

तिरपागडा

म्हणजे सभासदाने सभासदाला सल्ला दिला तर तो स्वतःच स्वतःला दिलेला सल्ला होता, असे २०१९ पुरते तरी म्हणता येईल. गोल्फमधल्या सल्ल्याची किंमत न्यायालयाने बरोबर ओळखली होती.

येरवडेकर

सर्वजण ग्राहकाच्या बाजूने लिहीत आहेत, म्हणून मी जाळीच्या आतल्या बाजूचे लिहितो. माझे वडील कॅडी (खेळाडूंच्या काठ्या वाहणारे) होते आणि मी शाळेच्या वयात रेंजवर चेंडू वेचले आहेत. आमच्यासाठी दरपत्रक नव्हते, कारण आम्हाला मारण्याची परवानगीच नव्हती. सोमवारी मैदान देखभालीसाठी बंद असे आणि त्या दिवशी कॅडींना खेळू देत. अनेक क्लबांमध्ये ही प्रथा अजून आहे. भारतातल्या कितीतरी चांगल्या खेळाडूंचा सराव या फटीतून झालेला आहे. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे अली शेर हे दिल्लीत कॅडीचे काम करतच वर आले.

रेंजवर दोन वेगवेगळे नियम एकाच पाटीवर लिहिलेले असतात. रेषेपुढे जाऊ नका, हा नियम माझ्यासारख्या चेंडू वेचणाऱ्या मुलाच्या डोक्याचे रक्षण करणारा होता. बाहेरचा प्रशिक्षक आणू नका, हा नियम गल्ल्याचे रक्षण करणारा आहे. दुसऱ्यात गैर काही नाही, रेंजलाही जगायचे आहे. पण मग तो नियम म्हणून न लिहिता दर म्हणून लिहावा. ‘बाहेरचा प्रशिक्षक आणल्यास जागेचे इतके जादा शुल्क’ असे लिहिले, की ज्याला परवडेल तो देईल. उरलेले चेंडू परत न घेण्याचेही तसेच. चेंडू खराब होत नाहीत, नासत नाहीत. ते जमा न करण्याचे कारण फक्त दुसरी बकेट विकणे हेच आहे.

हिरवळ

उरलेल्या चेंडूंबाबत येरवडेकरांशी सहमत आहे. पूर्वी हिशेब ठेवणे कठीण होते, हे खरे. आता चेंडू देणारे यंत्र कार्डावर चालते आणि लहान मोजमापही देऊ शकते. शनिवारी लहान बकेट न देण्यामागे मात्र निव्वळ विक्री नसते. लहान बकेट घेणारे लोक जागा तितकाच वेळ अडवतात आणि मागे रांग उभी असते. याला प्रामाणिक उपाय म्हणजे गर्दीच्या दिवशी जागेला वेळेची मर्यादा घालणे. बकेट मोठी केल्याने माणूस लवकर उठत नाही, उलट अधिक बसतो.

डावरा

सर्व रेंजचालकांना एक विनंती. डावखुऱ्यांसाठी कडेची एकच जागा ठेवता आणि तीही वेळेचे बंधन नसल्याने कोणीतरी उजवा गृहस्थ ‘इथे शांत असते’ म्हणून अडवून बसतो. मला पैसे पूर्ण भरून जागा बदलून मागावी लागते. मधल्या जागेवर उभे राहिलो, तर शेजाऱ्याच्या समोर तोंड येते आणि आम्ही दोघेही अस्वस्थ होतो.

गोल्फ_नवशिका

एक बाळबोध प्रश्न विचारतो. स्पर्धेच्या दिवशी लवकर जाऊन मैदानावरच चार-पाच चेंडू मारून घेतले, तर रेंजचे पैसे वाचणार नाहीत का?

पाचवा_आयर्न

पैसे वाचतील, फटके वाढतील. गोल्फच्या नियमावलीतला नियम ५.२ पाहावा. स्ट्रोक-प्ले (एकूण फटके मोजण्याच्या) स्पर्धेच्या दिवशी फेरीपूर्वी स्पर्धेच्या मैदानावर सराव करता येत नाही. पहिल्या टीजवळ (पहिला फटका मारण्याच्या जागेजवळ) पटिंग अथवा चिपिंग करण्याची आणि सरावासाठी राखलेल्या जागा वापरण्याची तेवढी मुभा आहे. पहिल्या उल्लंघनाला पहिल्या होलवर दोन फटक्यांचा दंड, दुसऱ्याला थेट बाद. मॅच-प्लेमध्ये (एकेक होल जिंकण्याच्या लढतीत) मात्र फेरीपूर्वी मैदानावर सराव चालतो. समिती स्थानिक नियमाने यात बदल करू शकते, म्हणून सूचनाफलक वाचावा. स्पर्धेच्या सकाळी रेंजवर रांग लागते ती याच नियमामुळे, आणि काही ठिकाणी स्पर्धकांना एक बकेट प्रवेशिकेतच देतात.

एडिसनकर

न्यू जर्सीतून लिहितो. इथे एकाच परिसरात दोन टोकांच्या पद्धती दिसतात. आमच्या एडिसनमध्ये टॉपगोल्फ आहे. ही कंपनी २००० साली इंग्लंडमधल्या वॉटफर्ड इथे सुरू झाली आणि इथे ती संपूर्ण जागेचे तासाचे भाडे घेते; एक माणूस खेळला काय किंवा सहा खेळले काय, दर तोच. मित्रमंडळींसह गेल्यास दरडोई स्वस्त पडते, परंतु आपली पाळी येईपर्यंत खाणेपिणेच जास्त होते. सराव म्हणून त्याचा उपयोग शून्य आहे, करमणूक म्हणून उत्तम.

याउलट काउंटीच्या सार्वजनिक मैदानांवर रहिवाशांना ओळखपत्रावर कमी दराने खेळता येते आणि रेंजवर लहान-मध्यम-मोठी बकेट मिळते. आपल्याकडे दिल्ली विकास प्राधिकरणाचे कुतुब गोल्फ कोर्स किंवा सिडकोचे खारघर व्हॅली ही अशा सार्वजनिक मैदानांची उदाहरणे आहेत, जिथे क्लबचे सभासदत्व नसतानाही शुल्क भरून खेळता येते. प्रत्येक महापालिकेने पोहण्याचा तलाव बांधावा असे आपण म्हणतो, मग एखाद्या शहराने जाळी लावून वीस जागांची रेंज का चालवू नये?

सनदी_हिशेबनीस

एडिसनकर, तलावात एका वेळी पन्नास मुले पोहतात. वीस जागांच्या रेंजला त्याच्या कितीतरी पट जमीन लागते. पुण्या-मुंबईत ती जमीन मोकळी ठेवण्याचे समर्थन कोणता नगरसेवक करील? खारघरला डोंगराच्या कुशीतली जागा होती म्हणून ते जमले.

मुळाकाठची

सर्वांचे आभार. या चर्चेनंतर मी रेंजच्या कार्यालयाला एक पत्र लिहून चार गोष्टी लेखी विचारल्या. उत्तर आठवड्याभरात आले आणि ते अपेक्षेपेक्षा बरे होते.

सोळा वर्षांखालील मुलासोबतच्या एका पालकाला शुल्क लागणार नाही, असे आता त्यांनी फलकावर लिहिले आहे. सुभेदारसाहेबांचे वाक्य मी थोडे सौम्य करून पत्रात वापरले होते. पालकाने बोलण्यावर बंदी नाही, पण मारण्याच्या चौकटीत पाऊल ठेवायचे नाही, हा खुलासा मिळाला आणि तो मला पूर्णपणे मान्य आहे. पटिंग ग्रीनचे शुल्क कायम आहे. हिरवळ यांचा प्रतिसाद वाचल्यावर मी त्याविरुद्ध काही लिहिलेही नव्हते. उरलेले चेंडू मात्र जमा होणार नाहीत. त्याऐवजी त्यांनी कार्डाची योजना सुचवली आहे, ज्यात आगाऊ पैसे भरून दर वेळी हवे तितकेच चेंडू काढता येतात. कार्डाची मुदत सहा महिन्यांची आहे. मेच्या मध्यात ते घ्यावे का?

पाचवा_आयर्न

मुदत वाढवून मिळाल्याशिवाय घेऊ नका. रेंज पावसाळ्यात किती दिवस बंद असते, ते आधी विचारा.

हिरवळ

मी याच धंद्यात असल्याने सांगतो. जून ते सप्टेंबर या काळात जमीन भिजली, की चेंडू पडल्या जागी रुततात; वेचणारी गाडी चिखलात फिरवली तर मैदान खराब होते आणि पायी वेचायचे तर निम्मे चेंडू सापडतच नाहीत. त्यामुळे छपराखालच्या मॅट कोरड्या असल्या तरी रेंज बंद ठेवावी लागते. मेमध्ये घेतलेल्या सहा महिन्यांच्या कार्डातले चार महिने असे अनिश्चित जातील. कार्ड ऑक्टोबरमध्ये घ्या, किंवा बंद राहिलेले दिवस मुदतीत वाढवून देण्याचे त्यांच्याकडून पावतीवरच लिहून घ्या. तोपर्यंत सुट्या बकेट घेतलेल्या बऱ्या.